लिहिणं आणि विकणं : पुस्तकवाले आणि जाहिरातवाले, दोघांसाठी (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये मराठी मजकूर लिहून देण्याचं काम हल्ली बरंच वाढलंय. बिल्डरांची माहितीपत्रकं, शेती औषधांच्या कंपन्यांची पत्रकं, क्लासेसचे फ्लेक्स, वायनरीच्या टूरची माहिती, येवल्याच्या पैठणीवाल्यांची इन्स्टाग्राम पानं. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आल्याने लॉजवाले आणि ट्रॅव्हल्सवालेही लिहिणारी माणसं शोधतायत. दुसरीकडे आपल्यातल्याच अनेकांनी स्वतःचं पुस्तक काढलंय आणि गठ्ठे अजून घरातच आहेत. मला हे दोन्ही प्रश्न एकाच जातीचे वाटतात, म्हणून वेगवेगळे धागे न काढता एकच काढतेय.

माझं म्हणणं आधी मांडते, मग तुम्ही बोला.

मराठी मजकूर वाचला जात नाही याचं पहिलं कारण विशेषणं. 'दर्जेदार', 'विश्वासार्ह', 'परंपरेचा वारसा', 'हृदयस्पर्शी', 'एक अविस्मरणीय अनुभव'. हे शब्द साडीच्या दुकानाला लावा, पतसंस्थेला लावा, कवितासंग्रहाला लावा, कुठेही बसतात. म्हणूनच वाचणारा ते ओलांडून पुढे जातो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. सुरतेची गोष्ट सांगतात, की तिथे दोन आण्यांत पाच-सहा तासांचं नाटक बघायला मिळायचं आणि यांचा खेळ दीडेक तासात आटपणार, वर तिकीट तीन आणे. कोण येणार बघायला? तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत 'भव्य', 'दिव्य' असलं काही न म्हणता सरळ हिशेब मांडला: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत. गर्दी झाली. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी या जाहिरातीतून शिकण्यासारखं आहे. अडचण (खेळ छोटा, तिकीट जास्त) लपवली नाही, तिच्याकडे बघायची दिशा बदलली. आणि प्रत्येक शब्द मोजता येईल असा ठेवला.

आता एक आजचं. पैठणीच्या एका दुकानाचा मजकूर असा होता: 'परंपरेचा साज, सौंदर्याचा आविष्कार. आपल्या खास क्षणांसाठी खास पैठणी.' मी दुकानात बसून येणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकलं. बहुतेकींचा प्रश्न एकच, 'ही हातमागाचीच आहे कशावरून?' मग मजकूर असा झाला: 'पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. दुकानात आलात की आम्ही आधी उलटी बाजूच दाखवतो.' पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेही खाली एका ओळीत घातलं. यात एकही सजावटीचं विशेषण नाही. पण वाचलेली बाई दुकानात येऊन पदर उलटा करून बघते, हे मालकांनी स्वतः सांगितलं.

तर माझा आग्रह इतकाच: गिऱ्हाईक जे पहिले दोन-तीन प्रश्न विचारतं, तेच तुमच्या मजकुराचे पहिले दोन-तीन परिच्छेद. आणि ते प्रश्न घरी बसून सुचत नाहीत, तिथे जाऊन ऐकावे लागतात.

पुस्तकांबद्दल पुढे लिहीनच. तुम्हीही लिहा.

निफाडचा_बागायतदार

ताई, मी लिहिणारा नाही, वाचणारा आहे. तुम्ही लोक जी पत्रकं लिहिता ती आमच्या फोनवर येतात, म्हणून दोन शब्द.

'पिकाच्या सर्वांगीण विकासासाठी' असं वाक्य दिसलं की मी मेसेज पुढे वाचत नाही. द्राक्षाला सर्वांगीण काही नसतं. खरड छाटणी (नवीन काड्यांसाठीची) एप्रिलच्या आसपास, गोडी छाटणी (फळासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर आम्ही तारखा धरत नाही, छाटणीनंतरचे दिवस मोजतो. पोंगा अवस्थेत (डोळे फुगून फुटतात तेव्हा) वेगळी भीती, घड बाहेर पडताना वेगळी. त्या दिवसांत ढगाळ हवा आली की घड जिरतात का, म्हणजे तयार न होताच नाहीसे होतात का, ही एकच काळजी डोक्यात असते. पुढे फुलोऱ्यात पाऊस लागला की डावणी हा बुरशीचा रोग. मणी सेटिंग झाल्यावर फुगवण, आणि शेवटी शेवटी अवकाळी आला की मण्यांना तडे.

आता मला जर छाटणीनंतरच्या दहाव्या-बाराव्या दिवशी 'घड जिरू नयेत म्हणून' असा मेसेज आला, तर मी तो उभ्या उभ्या वाचतो. तोच मेसेज जानेवारीत आला तर काय कामाचा? कंपनीने मजकुरावर खर्च केला, वेळेचा विचार कुणीच केला नाही.

आणि काय लिहायचं ते सांगतो. किती लिटर पाण्याला किती मिली. फवारणी की ड्रिपमधून. कशासोबत मिसळायचं नाही. काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं. हा शेवटचा मुद्दा एक्स्पोर्टवाल्यांसाठी सगळ्यात मोठा, कारण रेसिड्यूमध्ये (फळात राहिलेल्या औषधाच्या अंशामुळे) माल अडकला की वर्षाची मेहनत गेली. एवढं असलं की फोटोही लागत नाही.

गोदाकाठची

दादा, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. शेतीचं काम करणाऱ्या सगळ्यांनी वाचा. मजकूर काय लिहायचा याइतकंच तो कोणत्या दिवशी पोचायला हवा हेही लिहिणाऱ्याने कंपनीला सांगायचं असतं. छाटणीच्या दिवसांप्रमाणे मेसेजचं वेळापत्रक करून दिलं तर कामाचे पैसेही वाढवून मागता येतात.

सातपूर_लाइन

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या कॅटलॉगची कामं करतो. तिथे तर कविता अजिबात नको. खरेदी अधिकारी बघतो: मटेरियलची ग्रेड, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल), कमीत कमी ऑर्डर, डिलिव्हरी किती दिवसांत. 'ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय' हे वाक्य मी सगळ्या कॅटलॉगमधून काढायला लावतो. त्या जागी वर्कशॉपमध्ये कोणती मशिनं आहेत त्यांची यादी टाकायची. मशिनं बघूनच समोरच्याला कळतं की आपला जॉब इथे होईल का.

कॉलेजरोडची_मुलगी

धाग्याबद्दल खूप खूप धन्यवाद! मी नुकतीच सुरुवात केलीय. लिहायचं कसं ते हळूहळू कळतंय, पण पैशाचं काहीच कळत नाही. एका एजन्सीसाठी दिवाळीच्या आधी बरंच काम केलं. दर वेळी 'अजून एक छोटासा बदल' म्हणत पुन्हा पुन्हा लिहून घेतलं, आणि पैसे अजून आलेले नाहीत. फोनही उचलत नाहीत. माझा मजकूर मात्र त्यांच्या क्लायंटच्या पानावर दिसतोय. अशा वेळी काय करतात? आणि शब्दाप्रमाणे दर सांगू की कामाप्रमाणे?

गोदाकाठची

बाळा, आधी हे लक्षात घे की यात तुझं काही चुकलेलं नाही. आता कामाचं सांगते.

दर शब्दावर कधीच सांगू नकोस. फ्लेक्सवरच्या सात शब्दांना कधीकधी आठवडा लागतो आणि सात शब्दांचे पैसे घेऊन तू काय करणार? कामाचा एकरकमी दर सांग आणि त्यात काय काय येतं ते लिहून दे: मालकाशी एक बैठक, एक मसुदा, दोन वेळा दुरुस्ती. तिसऱ्या दुरुस्तीपासून वेगळे पैसे. निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी. हे सगळं ईमेलवर पाठवायचं आणि 'मान्य' असं उत्तर आल्यावरच हात लावायचा. फोनवर ठरलेलं पुढे कुणालाच आठवत नाही.

मजकुराच्या हक्काबद्दल. तू पगारी नोकर नसशील तर कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे तू लिहिलेल्याची पहिली मालक तूच. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी चालत नाहीत. म्हणून तुझ्या ईमेलमध्ये कायम एक ओळ ठेव: 'पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच मजकुराचे हक्क आपल्याकडे येतील.' या एका ओळीने पुष्कळ फोन उचलले जातात.

सातपूर_लाइन

यात भर. कॉलेजरोडची_मुलगी, तुम्ही उद्यम या छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते आणि फुकट आहे. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. आमच्या लाइनीत बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही ४५ दिवसांची ओळ छापतातच. नोंदणी आधी झालेली असली तर पुढच्या बिलांना उपयोग होतो, म्हणून आजच करा.

आणि पैसे आले की त्यातून टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापला असेल तर प्रमाणपत्र मागून घ्या. नवीन मुलं ते मागतच नाहीत आणि परतावा तसाच राहतो.

मळ्यातली_गोष्ट

मी पुस्तकवाल्यांपैकी. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षबागायतदार कुटुंबावर कादंबरी लिहून झालीय. आता मलपृष्ठावरचा मजकूर लिहायचाय आणि तिथेच अडलेय. सध्या असं आहे:

'मानवी नातेसंबंधांचे अनेकविध पदर हळुवारपणे उलगडत जाणारी, ग्रामीण जीवनाचं विदारक वास्तव मांडणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी एक सशक्त कलाकृती.'

ताईंचा पहिला प्रतिसाद वाचून हे सगळंच कापावं लागेल असं दिसतंय. पण मग उरतं काय?

गोदाकाठची

उरते गोष्ट. आम्हाला फक्त एवढं सांगा: पहिल्या तीस पानांत काय घडतं? शेवट नको.

मळ्यातली_गोष्ट

ऑक्टोबरातल्या पावसात बाग हातची जाते. थोरला भाऊ सोसायटीचं कर्ज फिरवण्यासाठी धाकट्याला न विचारता रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांचा व्यवहार करतो. धाकटा अंबडला कंपनीत आहे. त्याला हे कळतं ते गावातल्या चहाच्या टपरीवर, परक्या माणसाकडून. आई दोघांशीही बोलणं सोडते.

गोदाकाठची

झालं की! बघा:

'ऑक्टोबरातल्या पावसात बाग गेली. सोसायटीचे हप्ते थकले. थोरल्याने रस्त्याकडेचे वीस गुंठे विकायला काढले आणि धाकट्याला हे कळलं टपरीवर, चहा पिताना, तिसऱ्याच माणसाकडून. त्या दिवसापासून आई दोघांशीही बोललेली नाही.'

बस्स. यात जवळजवळ सगळे शब्द तुमचेच आहेत. नातेसंबंध, वास्तव, अंतर्मुख हे सगळं वाचकाला आपोआप कळेल. पुस्तकाच्या दुकानात माणूस पुस्तक उलटं करतो, चार ओळी वाचतो आणि ठरवतो. त्या चार ओळींत काहीतरी घडलं पाहिजे. समीक्षकाने द्यायचा अभिप्राय लेखकाने स्वतःच मलपृष्ठावर लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

हाच मजकूर पुढे ऑनलाइन दुकानाच्या पानावर जातो, व्हॉट्सॲपवर जातो, पेपरात पाठवायच्या टिपणात जातो. म्हणून यावर वेळ घालवा. कादंबरी दोन वर्षं लिहितात आणि मलपृष्ठ छापखान्यात बसून दहा मिनिटांत, असं होऊ देऊ नका.

मुद्रितशोधक_काका

बेटा मळ्यातली_गोष्ट, मजकूर उत्तम झाला आहे. छापायला देण्यापूर्वी काही गोष्टी सांगतो. आयुष्य मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं) तपासण्यात गेलं, तेवढ्या अधिकाराने.

तुमची संहिता युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणाऱ्या पद्धतीत) आहे का ते पाहा. अनेक डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये पानं लावतात. युनिकोडमधून तिकडे नेताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'क्ष' आणि 'ज्ञ' फुटतात, अर्धा 'र' हरवतो, 'ऱ्या' चा 'र्या' होतो. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'दर्या' हे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. म्हणजे तुम्ही फाइल कितीही शुद्ध दिली तरी पानं लागल्यावर मुद्रित पुन्हा वाचावंच लागतं. ते पडद्यावर वाचू नका. कागदावर काढा, ओळीखाली पट्टी धरा आणि मोठ्याने वाचा. संवाद असतील तर मोठ्याने वाचण्याला पर्याय नाही, जिथे जीभ अडते तिथे वाक्य दुरुस्तीला आलेलं असतं.

स्वतःचं मुद्रित स्वतः वाचलं तरी दुसऱ्याकडून वाचून घ्या. लेखकाला डोक्यातलं वाक्य दिसतं, कागदावरचं नाही.

दुसरं, पानसंख्या. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. १६० पानं म्हणजे बरोबर दहा फॉर्म. १६५ झाली की अकरावा फॉर्म उघडतो आणि अकरा पानं कोरी राहतात किंवा जाहिरातींनी भरावी लागतात. म्हणून पानं लावून झाल्यावर अर्पणपत्रिका, मनोगत, प्रकरणांच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा यांतून चार-पाच पानं आत घेता येतात का ते पाहावं. खर्चात फरक पडतो.

पंचवटीकर

प्रकाशक शोधावा की स्वतः काढावं? मळ्यातली_गोष्ट, तुम्ही काय ठरवलंय? माझा कल स्वतः काढण्याकडे. हिशेब मांडतो, आकडे उदाहरणादाखल धरा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, छपाई प्रतीमागे ९५ रुपये. वितरकाला ४५ टक्के सवलत दिली तर तुमच्या हातात १६५. छपाई वजा जाता ७०. त्यातून मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, भेटप्रती. आणि वितरकाकडून पैसे प्रती विकल्यावर येतात, न विकलेल्या परत येतात. तेच थेट विकलं, कुरिअरचे ५० धरले, तरी १५५ उरतात. मधला माणूस कशाला?

गोदाकाठची

हिशेब बरोबर आहे पंचवटीकर, पण तुमची थेट विक्री कुणाला होणार? ओळखीच्यांना. ती मंडळी घेऊन झाली की विक्री थांबते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. चांगल्या प्रकाशकाची किंमत त्याच्या छापखान्यात नाही. संपादन, ग्रंथालयांपर्यंतची पोच आणि दुकानातली जागा यांत ती असते. कादंबरी असेल, पहिलंच पुस्तक असेल, तर आधी प्रकाशकांकडे पाठवावी असं मला वाटतं. एखाद्या विषयावरचं उपयोगी पुस्तक असेल (बेदाणा कसा करावा, सिंहस्थाची माहिती) आणि त्या विषयाची माणसं तुमच्या संपर्कात असतील, तर खुशाल स्वतः काढा.

मात्र जो प्रकाशक तुमच्याकडूनच सगळा खर्च घेतो आणि वर हक्कही स्वतःकडे ठेवतो, त्याच्याशी करार करू नका. पैसे तुमचे तर हक्क तुमचे.

करारात काय बघायचं: कोणत्या स्वरूपाचे हक्क (छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट) ते वेगवेगळे लिहिलेत का. किती वर्षांसाठी. कायद्यात तरतूद आहे की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते लेखकाकडे परत येतात. म्हणून करारात 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांतील' हे दोन शब्द दिसले की थांबून विचारा. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकणारी ही मालमत्ता आहे, तुमच्या मुलाबाळांची.

पंचवटीकर

ग्रंथालयांचा मुद्दा मान्य. पण मग स्वतः काढणाऱ्याने ग्रंथालयात पोचायचं कसं?

मुद्रितशोधक_काका

आधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक घ्या. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. तो मिळवून देण्याचे कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या सेवेचे, क्रमांकाचे नव्हेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. स्वतः काढलंत म्हणजे प्रकाशक तुम्हीच. हे काम बहुतेक जण विसरतात. तुमचं पुस्तक देशाच्या नोंदीत राहावं असं वाटत असेल तर विसरू नका.

गावातलं म्हणाल तर आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. अशा ठिकाणी प्रत नुसती टपालाने पाठवू नये. स्वतः जावं, ग्रंथपालांना भेटावं, पुस्तक कशावर आहे ते दोन वाक्यांत सांगावं. वाचक 'नवीन काय आलंय' हे ग्रंथपालांनाच विचारतात. तालुक्याची आणि गावोगावची वाचनालयंही सोडू नयेत. निफाडच्या गोष्टीचा वाचक निफाडच्या वाचनालयात बसलेला असतो.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' मध्ये पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. ही नाशिकने उभी केलेली गोष्ट आहे. अशा वाचकगटाने तुमचं पुस्तक वाचून तुम्हाला बोलावलं, तर शंभर लोकांच्या प्रकाशन समारंभापेक्षा त्या वीस जणांत बसणं मोलाचं. त्यांनी पुस्तक वाचलेलं असतं.

कावनईची_वाट

काकांना पूर्ण अनुमोदन. प्रकाशन समारंभावर जेवढा खर्च होतो (सभागृह, शाली, स्मृतिचिन्हं, नाश्ता) तेवढ्यात चांगलं मुखपृष्ठ होतं. समारंभाला आलेले निम्मे लोक इतर वक्त्यांसाठी आलेले असतात. आणि कृपा करून २७ फेब्रुवारी धरू नका. मराठी भाषा गौरव दिन आणि तात्यासाहेबांचा (कुसुमाग्रजांचा) जन्मदिवस, त्या दिवशी नाशिकमध्ये कार्यक्रमांची इतकी रेलचेल असते की पेपरात तुमच्या पुस्तकाला एक ओळ मिळणं कठीण. आठवडाभर आधी करा, बातमीदारालाही सवड असते.

माझ्या कवितासंग्रहाला शाळांनी साथ दिली. मराठीच्या शिक्षकांना भेटले, वर्गात जाऊन कविता वाचल्या, पुस्तकाचा विषयही काढला नाही. पालक नंतर स्वतः विचारत आले.

बिल्डरचा_लेखनिक

विषय थोडा वळवतो. जाहिरातवाल्यांनी कायद्याकडे लक्ष द्या. गृहप्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ लागतं, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. फ्लेक्सवर हे बारीक अक्षरात कोपऱ्यात ढकलायचं आणि 'स्टेशनपासून १० मिनिटं' मोठ्या अक्षरात, हा हट्ट मालक करतात. मी दहा मिनिटांऐवजी किलोमीटर लिहितो. किलोमीटरवर कुणी भांडत नाही.

दवाखान्यांचं काम करणाऱ्यांसाठी: 'मधुमेह मुळापासून बरा', 'मूल होण्याची हमी' असलं काही लिहून देऊ नका. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अशा दाव्यांना मनाई करतो. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. डॉक्टरांना त्यांच्या परिषदेच्या नियमांमुळे स्वतःची जाहिरात करता येत नाही, आजाराची माहिती देता येते. आणि खरं सांगायचं तर लोकांना हवी असते तीच. 'रिपोर्ट घेऊन कधी यायचं, उपाशीपोटी यायचं का, सोबत कोण लागेल' हे नीट लिहिलेलं पान पेशंट घरी फ्रिजला लावून ठेवतात.

वायनरीवाल्यांकडेही तेच. दारूची थेट जाहिरात आपल्याकडे चालत नाही. मळा, टूर, जेवण, राहण्याची सोय यांवर लिहा. हार्वेस्टच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, मळ्यात काय बघायला मिळतं ते तपशीलात लिहिलं की बाकी काही लागत नाही.

कॉलेजरोडची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यम नोंदणी झाली! आणि त्या एजन्सीला हक्कांबद्दलचा ईमेल पाठवलाय.

अजून एक विचारते. आता क्लायंट म्हणतात की एआयकडून मिनिटात मजकूर मिळतो, तुला कशाला पैसे द्यायचे?

निफाडचा_बागायतदार

त्या एआयला विचारा की आज पिंपळगावला भाव काय निघाला आणि व्यापारी कशावरून माल नाकारत होते. तुम्ही सकाळी मार्केटला या, तासभर उभ्या राहा, मग लिहा. मी चहा पाजतो.

गोदाकाठची

दादांनी उत्तर दिलंच आहे. मी फक्त एवढं जोडते की यंत्राकडून मसुदा घेतलास तरी चालेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य 'हे कुणी मला सांगितलं?' असं विचारून तपास. ज्या वाक्याला नाव, जागा किंवा आकडा सांगणारा माणूस सापडत नाही ते काढून टाक. उरेल ते फार थोडं असेल आणि बाकीची जागा भरायला तुला बाहेर पडावंच लागेल. क्लायंटला हेच सांग की तू त्याच्या गिऱ्हाइकांशी बोलून लिहितेस. पहिल्या बैठकीत त्याच्या दुकानातल्या नोकराशी पंधरा मिनिटं बोलायला माग. माहिती मालकापेक्षा काउंटरवरच्या माणसाकडे जास्त असते.

मळ्यातली_गोष्ट

कळवायला आनंद होतोय, मलपृष्ठ ताईंनी दिलं तसंच ठेवलं, फक्त 'तिसऱ्याच माणसाकडून' च्या जागी 'कांद्याच्या व्यापाऱ्याकडून' केलं. कादंबरीत तो व्यापारी आहे. हाच मजकूर पत्रासोबत जोडून दोन प्रकाशकांना पाठवला, एकाने पूर्ण संहिता मागवलीय. करारात पाहायच्या गोष्टी लिहून ठेवल्यात.

एक शेवटची शंका. वाचकांना व्हॉट्सॲपवर कळवायचं तर ग्रुप करू की ब्रॉडकास्ट? आमच्या नात्यागोत्यात आणि गावात मिळून बरीच माणसं आहेत.

कावनईची_वाट

ब्रॉडकास्ट. ग्रुपमध्ये न विचारता घातलं की लोक रागावतात आणि तुमचा मेसेज सुप्रभातच्या फुलांखाली जातो. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून जिथे जिथे भेटाल तिथे आधी नंबर सेव्ह करायला सांगा. गावाची यादी वेगळी, नाशिक-पुण्याच्या वाचकांची वेगळी, शिक्षक आणि ग्रंथपालांची वेगळी करा, कारण तिघांना वेगळं सांगायचंय. गावाला सांगा की पुस्तक पिंपळगावात कुठल्या दुकानात मिळेल. ग्रंथपालांना किंमत, पानं, आयएसबीएन आणि सवलत. वाचकांना ते टपरीचं पान, फोटो न काढता टाइप करून. फोटोतलं बारीक अक्षर वयस्कर माणसांना वाचता येत नाही, आणि आपले निम्मे वाचक तेच आहेत.